चौबळांची कोंबडी

हूफडॉर्पला देवांच्या घरी सत्यनारायणाची पूजा झाली, पंगत बसली, वरणभातावर तूप पडलं, आणि मुकुंद चौबळांनी खिशातून कोंबडी काढून पानाच्या डाव्या बाजूला, मीठ-लिंबाच्या वर ठेवली.

कोंबडी प्लास्टिकची, पिवळी, मुठीएवढी. अंडी उकडताना स्वयंपाकघरात लावतात तसलं घड्याळ. मान धरून पिळली की तिच्या पोटात टिकटिक सुरू होते आणि वेळ भरली की ती थरथरत वाजते. चौबळांनी सगळ्यांदेखत मान पिळली. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, त्या घरात हे दृश्य बरं दिसत नव्हतं.

"अहो चौबळ, हे काय?" स्मिताताई देव वाढता वाढता थांबल्या.

"घाबरू नका, शाकाहारी आहे," चौबळ म्हणाले. "आमच्या डाएटिशियनबाईंचा नियम आहे. कोंबडी वाजेपर्यंत पानावरून कुणी उठायचं नाही."

"कुणी म्हणजे तुम्ही ना?"

"कुणी म्हणजे कुणीच. सोबत लागते."

पंगतीने हे हसण्यावारी नेलं. चौबळ हसत नव्हते. देवांचा ऑफिसचा फोन यायचा होता. त्यांनी भराभर जेवून उठायची तयारी केली, तेव्हा चौबळांनी त्यांच्याकडे न बघता कोंबडीकडे बोट केलं. देव पुन्हा बसले. पोरांनी "उठू का" असं डचमधून विचारलं, त्यांनाही कोंबडी दाखवण्यात आली. एरवी आपल्या पंगतीत शेवटच्या भाताला धावपळ असते. त्या दिवशी लोक गप्पा मारू लागले. मठ्ठा दोनदा फिरला. चौबळांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी चारूवहिनींनी मसालेभात परत घेतला. शेवटी कोंबडी वाजली, एक आजी दचकल्या, आणि चौबळ म्हणाले, "सुटलात. हात धुवा."

चौबळ माझे शेजारी. उइटहॉर्न या डच गावात एकाला एक लागून घरांची रांग असते, तशा रांगेत आमची मधली भिंत एक आहे. त्यामुळे त्यांच्याबद्दलची बरीचशी माहिती मला न विचारता मिळते. ते मूळचे ठाण्याचे. नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधण्याची. वहिनी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या, डच शिकल्या, आणि आता एका पाळणाघरात मुलं सांभाळतात. मुलगी शिकायला ग्रोनिंगेनला गेली. आता घरात हे दोघंच. मी पूर्वी पुण्यात एका वर्तमानपत्रात होतो म्हणून चौबळ मला "बातमीदार" म्हणतात. ते काम सोडून मला बरीच वर्षं झाली, हे त्यांना मान्य नाही.

पोटाच्या ऑपरेशनच्या आधीचे चौबळ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणं आवश्यक आहे.

आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात चौबळांसाठी एक वेगळी खुर्ची होती. देवांकडे ती बागेतली लोखंडी खुर्ची. चौबळ यायच्या आधी ती पुसून आत आणलेली असायची. याबद्दल कुणी काही बोलत नसे. चौबळ मात्र बसता बसता म्हणत, "सिंहासन आलं. आता राज्याभिषेक करा."

राज्याभिषेक श्रीखंडाचा असायचा. इथल्या सुपरमार्केटमध्ये क्वार्क नावाचा पदार्थ मिळतो. डच लोक तो सकाळी फळांबरोबर खातात. मराठी माणसाने तो पाहिल्याबरोबर ओळखला: हा चक्का आहे. दह्याचं फडकं टांगण्याचे कष्ट एका डब्याने वाचले आणि या देशातल्या मराठी लोकांचं श्रीखंड वाढलं. त्यातला मोठा वाटा चौबळांचा. बाकीच्यांचं जेवण आटोपलं की लोक हात धुऊन त्यांच्याभोवती जमत. "चौबळ, अजून एक वाटी!" चौबळ वाटी पुढे करत. त्यांनी कुणाच्या हातचं काही नाकारल्याची नोंद नाही. प्रत्येक बाईला ते सांगत, "या देशात असं फक्त तुमच्याकडे मिळतं," आणि ते खोटं बोलत नसत, कारण खाताना त्यांना तसंच वाटायचं. त्यामुळे जेवणाचं पहिलं बोलावणं चौबळांना जायचं. ते असले की काही उरत नसे आणि रांधणारीला श्रम सार्थकी लागल्यासारखं वाटे.

असा माणूस पोट लहान करून घ्यायला का गेला? त्यांचं स्वतःचं उत्तर असं: ते सायकल घ्यायला गेले होते. दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि इथल्या पद्धतीप्रमाणे खरं ते सांगून टाकलं, "ही तुम्हाला पेलणार नाही." चौबळ तिथून तडक हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. वस्तुस्थिती एवढीच की तो डॉक्टर त्यांना हेच कित्येक वर्षं सांगत होता. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, रात्री श्वासासाठी मशीन. पण डॉक्टरचं ऐकलं असं म्हणण्यापेक्षा सायकलवाल्याचं ऐकलं असं म्हणणं त्यांना बरं वाटतं.

एकदा ठरल्यावर मात्र माणूस ढळला नाही. हॉस्पिटलने लावलेले सगळे वर्ग त्यांनी केले, चालणं सुरू केलं, आधीचं पातळ पिण्याचं पथ्य पाळलं. ऑपरेशन उन्हाळा संपता संपता झालं. जठराचा मोठा भाग बाजूला ठेवून वरती लिंबाएवढी पिशवी राखतात आणि तिला आतडं जोडतात. बातमी पसरली तशा प्रतिक्रिया आल्या. ठाण्याहून थोरल्या भावाचा फोन: "मुकुंदा, खरा आजार काय ते सांग." बायका चारूवहिनींना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारत, "सगळं ठीक आहे ना?" आणि रोज पळायला जाणारे देव भर मराठी मंडळात म्हणाले, "ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट. त्यात काय मोठं!"

"शॉर्टकट आहे, कबूल," चौबळ म्हणाले. "पण तुम्ही पळून घरी परत येता, देव. मला जिथे पोचलो तिथेच राहायचंय, मरेपर्यंत."

सुरुवातीला गाळलेलं वरणाचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेलं सगळं, मग मऊ. या काळात त्यांनी आपल्या नव्या पोटाला "साहेब" म्हणायला सुरुवात केली. लहान मुलाला भरवायचा चमचा घेत. एक घास, चमचा खाली, डोळे मिटलेले. जेवणाऱ्या माणसाचं असं ध्यान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मग निकाल यायचा: "साहेबांची मंजुरी आहे," किंवा "फाईल परत आली." फाईल परत आली की ते उठून न्हाणीघरात जात आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत येत.

धंदा तपासण्याचा असल्यामुळे त्यांनी प्रत्येक पदार्थ रीतसर तपासला. पोळी: नापास, चिकटते. भात: नापास, आत जाऊन फुगतो. अंडं: अटींवर मंजूर. मासा: पहिल्या वर्गात पास. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर बाकीचं, आणि जागा उरत नाही. जेवताना पाणी नाही. पाण्यासाठी नंतर अर्धा तास थांबायचं. गोळ्या जन्मभर. आणि रोज, न चुकता, बिनसाखरेचं क्वार्क.

"आयुष्यभर श्रीखंड खाल्लं, आता चक्क्यावर आलो," ते भिंतीपलीकडून, म्हणजे बागेतल्या कुंपणावरून मला म्हणाले. हातात डबा, डब्यात चमचा. "साखर बाजूला काढून खायची शिक्षा आहे ही."

वजन उतरत गेलं. केस गळले. अंगठी बोटातून निसटून भांडी घासायच्या पाण्यात सापडली. सगळ्यात मोठी तक्रार थंडीची. "माझं आतलं स्वेटर काढून घेतलंय," असं म्हणून ते पुढे जूनमध्येही गळ्याला मफलर गुंडाळून हिंडले. पण सायकल आली. त्याच दुकानातून. दुकानदाराने त्यांना ओळखलं नाही. चौबळांनी ओळख करून दिली नाही. फक्त विचारलं, "ही मला पेलेल?" तो म्हणाला, "का नाही पेलणार?" हा संवाद त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवला आहे की त्यातला "का" कुठे लांबवायचा हेही मला पाठ आहे.

आमच्या दुसऱ्या बाजूला राहणारे योहान हे निवृत्त डच गृहस्थ. त्यांच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि मग डब्याचं झाकण लागतं. पूर्वी चौबळ त्यांना "झाकणवाले" म्हणत. ऑपरेशननंतर त्यांच्याकडे जाणं वाढलं. "एक बिस्किट, अर्धं मी खातो, अर्धं बशीत ठेवतो. तो माणूस बशीकडे बघतसुद्धा नाही," चौबळ म्हणाले. "आपल्याकडे अर्ध्या बिस्किटावर चौकशी समिती बसते."

आपल्याकडे नेमकं तेच घडलं. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका प्रेमळ बाईंनी त्यांच्या तोंडापाशी गुलाबजाम नेला. "एकाने काय होतंय!" हे वाक्य मराठीत फार लोकांनी फार लोकांना म्हटलेलं आहे. चौबळांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी अर्धा खाल्ला. थोड्या वेळाने दरदरून घाम, छातीत धडधड, हातापायांत त्राण नाही. पोटाच्या अशा बायपासनंतर साखर अशी अंगावर येते. त्यांना हॉलच्या कोपऱ्यात लोकांचे कोट अंथरून त्यावर निजवलं, वरून आणखी कोट घातले. त्या बाई रडायला लागल्या. कोटांच्या ढिगाखालून आवाज आला, "रडू नका हो. साहेबांनी तातडीची मीटिंग लावलीय. संपली की येतो."

मीटिंग संपली, ते उठले, घरी गेले. पण सगळ्यांनी घाबरून एक धडा घेतला, आणि तो चुकीचा होता. चौबळांना जेवायला बोलावणं बंद झालं.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. जो माणूस तीन चमचे खाणार, त्याच्यासमोर आपण ताटभर खायचं कसं? चार वेळा आग्रह करायचा नाही, तर यजमानाने करायचं काय? शिवाय काही झालं तर? "त्रास नको" या दोन शब्दांत सगळं बसत होतं. मग फोन कमी झाले. चौबळांना बोलावलं नाही म्हणून वहिनींनाही नाही. जेवणाच्या बोलावण्यांवर ज्याचं इथलं सगळं गणगोत उभं होतं, तो माणूस रविवारी कुंपणापाशी क्वार्क खात उभा दिसू लागला. "या आठवड्यात कुणाकडे काही नाही का हो, बातमीदार?" ते विचारत. असायचं. मी "कल्पना नाही" म्हणायचो, आणि त्यांना कळायचं.

जानेवारीत देवांच्या लग्नाचा वाढदिवस होता. आम्ही गेलो होतो. बाहेर वारा इतका की खिडक्या वाजत होत्या. पानं मांडून झाली आणि बेल वाजली. स्मिताताईंनी दार उघडलं. दारात चौबळ. केस उभे, नाक लाल, मागे सायकल, आणि सायकलच्या कॅरियरला दोरीने करकचून बांधलेलं एक अवाढव्य पातेलं.

"चौबळ! अहो, तुम्हाला आम्ही..."

"बोलावलं नाहीत. माहितीय. पण मोठं पातेलं हवंय असं काल ग्रुपवर लिहिलंत. आपल्या लोकांत सगळ्यात मोठं पातेलं कुणाकडे असणार?"

"अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून हो. आम्ही सगळे खाणार आणि तुम्ही नुसते बघत बसणार. मलाच घास उतरला नसता."

"स्मिताताई," चौबळ दोर सोडता सोडता म्हणाले, "मी पोट लहान केलंय. पंगत नाही."

चौबळांनी मफलर काढला, हात धुतले आणि विचारलं, "वाढायला कोण आहे?" उत्तराची वाट न बघता आमटीचं भांडं उचललं.

ज्याने आयुष्यभर आग्रह सोसला त्याला तो कसा करावा हे नेमकं ठाऊक असतं. चौबळ "हवं का" असं विचारत नाहीत. ते पानासमोर उभे राहतात आणि रिकाम्या जागेकडे हळहळल्यासारखं बघतात. मग हळू आवाजात, "अहो, डावी बाजू उघडी पडलीय." देव पळणारे, मोजून खाणारे. त्यांनी त्या दिवशी श्रीखंड तीनदा घेतलं. चौबळ त्यांच्यासमोर पळी धरून म्हणाले, "घ्या, देव. उद्या पळा. शॉर्टकट नाहीये ना तुम्हाला?" देवांसकट सगळे हसले. सगळ्यांचं झाल्यावर ते एका घडीच्या खुर्चीवर वाटी घेऊन बसले आणि मूठभर काहीतरी सावकाश खाल्लं. लोखंडी खुर्ची बाहेर बागेत भिजत होती.

तेव्हापासून बोलावणी पुन्हा सुरू झाली. आता यजमान विचारतात, "चौबळ, येताय ना वाढायला?"

त्या हिवाळ्याच्या शेवटी कोंबडी बाहेर पडली. म्हणजे घरात ती ऑपरेशनपासून होती. घाईने खाऊ नये म्हणून सुरुवातीला घड्याळ लावायला हॉस्पिटलनेच सांगितलं होतं. पण ती फडताळात असायची. आता ती खिशातून हिंडू लागली आणि तिच्याबरोबर तो नियम: कुणी उठायचं नाही. चौबळ आधी वाढत, मग शेवटच्या पंगतीला वहिनींना शेजारी घेऊन बसत आणि मान पिळत. ऑफिसच्या कँटीनमध्ये डच सहकारी उभ्या उभ्या सँडविच संपवतात. तिथेही त्यांनी कोंबडी ठेवली आणि त्यांचा वरिष्ठ म्हणे मुकाट्याने बसून राहिला. योहान एकदा जेवायला आले. नियम आहे म्हटल्यावर ते इतके खूश झाले की कोंबडी वाजल्यावरही, नक्की वाजली ना, याची खात्री करूनच उठले. लोक कंटाळले, लोकांनी थट्टा केली, एकाने विचारलं, "चौबळ, ही अंडी कधी देणार?" चौबळ कशानेही हटले नाहीत. देवांकडचा सत्यनारायण हा त्याच मोहिमेचा भाग.

वहिनींचीही तक्रार होती. "याचं पोट लहान झालं आणि माझं जेवण लांबलं," त्या म्हणायच्या. "माझं होतं कधीच, पण उठायची सोय आहे का?" आणि बसल्या बसल्या आणखी एक चपाती घ्यायच्या.

सप्टेंबरात चौबळांची हॉस्पिटलची वर्षाची तपासणी होती. त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती. "बातमीदार, सोडता का?" त्यांनी विचारलं. "चारूला कामावरून सुटता येत नाही." तो बुधवार होता. बुधवारी वहिनींना सुट्टी असते आणि मी गाडी काढली तेव्हा त्या खिडकीत झाडांना पाणी घालत होत्या.

तिथे डाएटिशियन स्वतः बाहेर येऊन पेशंटला आत नेते. उंच, तरुण, हसरी बाई. तिने चौबळांशी हस्तांदोलन केलं, मग माझ्याशी, आणि म्हणाली, "तुम्हीही या ना, सोबत कुणी असलं तर बरंच." चौबळांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तपासण्या उत्तम होत्या. साखरेची गोळी बंद. ती मनापासून त्यांचं कौतुक करत होती. शेवटी तिने विचारलं, "टायमर अजून लावता?"

"लावतो," चौबळ म्हणाले.

"अजून?" ती हसली. "आता ठेवून द्या. किती पुरे ते तुम्हाला आता पोटच सांगतं."

मी विचारलं, "मग तो वाजेपर्यंत टेबलावरून कुणीच उठायचं नाही, या नियमाचं काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चौबळांकडे. चौबळ भिंतीवरचं जीवनसत्त्वांचं चित्र बघत होते. "असा आमचा काही नियम नाही," ती म्हणाली. "छान आहे. पण आमचा नाही."

परतीच्या वाटेवर बराच वेळ दोन्हीकडे नुसती सपाट शेतं आणि पाण्याचे चर होते. समोरचा बोलणार असेल तर मध्ये प्रश्न टाकू नये, एवढं बातमीदारी शिकवते.

"मागच्या हिवाळ्यात एकदा ऑफिसातून लवकर आलो," चौबळ म्हणाले. "सायकल ठेवायला मागच्या बाजूने. शेडमध्ये दिवा दिसला. वाटलं, सकाळचा राहिला. जवळ गेलो तर चारू आत. फ्रीजरवर ताट ठेवून जेवत होती. उभ्याने. अंगात कोट. बांगड्याची आमटी आणि भात."

"शेडमध्ये?"

"घरात वास राहू नये म्हणून. शिजवलीही तिथेच. मला बांगडा किती आवडतो आणि आता एका तुकड्यावर थांबावं लागतं, ते तिला माहीत. रोज मला वाढायची आणि म्हणायची, माझं झालं, तू बस सावकाश. मला खरंच वाटायचं की कामावरून येऊन भूक लागते, जेवत असेल आधी. महिने झाले होते हो! माझ्यासमोर बसून जेवायची तिला लाज वाटायला लागली होती. देवांना मी ऐकवलं की पंगत लहान केली नाही. आणि माझ्या घरात पंगतच उरली नव्हती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? मागे फिरलो. सायकलवर एक चक्कर मारली आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. तोंड पुसत आली. म्हटलं, चारू, आज डाएटिशियनचा फोन होता. नवीन नियम निघालाय."

"पण तो घरापुरता ठेवायचा. बाकीच्यांना कशाला बसवता?"

"नुसता घरी लावला असता तर तिला संशय नसता आला? पंचवीस वर्षं काढलीत तिने माझ्याबरोबर. नियम म्हटला की सगळीकडे पाहिजे. ऑफिसात पाहिजे, सत्यनारायणाला पाहिजे." ते खिडकीबाहेर बघत थोडं हसले. "देवांकडे बघितलंत ना? मसालेभात परत घेतला तिने."

उइटहॉर्नला पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. चारूवहिनींनी दारातच मला सांगितलं, "तुम्हीही बसा, पान मांडलंय." घरभर बांगड्याच्या आमटीचा वास होता. खिडक्या बंद होत्या. चौबळ जॅकेट खुंटीला अडकवायला गेले आणि तिथे गरजेपेक्षा जास्त रेंगाळले.

"काय म्हणाली ती?" वहिनींनी मला विचारलं.

"सगळं उत्तम आहे. साखरेची गोळी बंद केली."

"आणि या कोंबडीचं काय? किती दिवस अजून?"

"चालू ठेवायला सांगितली आहे," मी म्हणालो. "मुदत दिलेली नाही."

हे वृत्त चुकीचं होतं. दुरुस्ती छापण्याचा विचार नाही.

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुंटीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. "बरं," म्हणाल्या. मग फडताळातून कोंबडी त्यांनी स्वतः आणली, मान शेवटपर्यंत पिळली आणि चौबळांच्या ताटापाशी नाही, दोघांच्या ताटांच्या मधोमध ठेवली. चौबळांच्या वाटीत त्यांनी माशाचा लहानसा तुकडा घातला, काटा काढून. मग स्वतःला भात वाढून घेतला, आमटी घेतली, आणि बांगड्याचा मधला तुकडा, जो इतकी वर्षं चौबळांच्या ताटात जात आला होता, तो जरा थांबून स्वतःच्या ताटात घेतला.

चौबळ चमचा हातात धरून बघत होते. साहेबांना त्यांनी अजून काही विचारलं नव्हतं.

"सावकाश जेव," ते वहिनींना म्हणाले. "तिला वाजायला वेळ आहे."